एका बोटाचा रामराम

हॉलिस टिडमोर एकाहत्तर वर्षांचा झाला तोवर त्याच्या नावावर दोन विक्रम जमा झाले होते. चौतीस वर्षं टपाल वाटताना त्यानं एकही पत्र चुकीच्या पेटीत टाकलं नव्हतं, आणि गेल्या नऊ वर्षांत डेल्मर गँटला पाहून एकदाही बोट उचललं नव्हतं. पहिल्या विक्रमाबद्दल निरोपसमारंभात सहकाऱ्यांनी घड्याळ दिलं. ते पुढे बंद पडलं. दुसरा विक्रम मात्र अजून चालू होता, दिवसातून दोन वेळा, सकाळी सातला आणि दुपारी चारला.

बोट म्हणजे अंगठ्याशेजारचं. ओकोमी काउंटीत समोरून गाडी आली की स्टिअरिंगवरचा हात तसाच ठेवून ते बोट इंचभर वर करायचं आणि परत ठेवायचं. हसायचं नाही, मान डोलवायची नाही. 'तुला पाहिलं, तू आहेस, माझी हरकत नाही' एवढा मजकूर त्यात बसतो. हॉलिसच्या मते माणसांनी एकमेकांना कळवण्यासारखा मजकूर एवढाच असतो. बाकीचा त्यानं चौतीस वर्षं लिफाफ्यांतून वाहिला होता आणि त्यातला बराचसा न फोडता कचऱ्यात जाताना पाहिला होता.

दोन बोटं उचलणारा माणूस निवडणुकीला उभा असतो. चारही उचलणारा विमा विकतो. आणि अख्खा हात वर करून कोणी हलवत असेल, तर तो रामराम नव्हे. पूल वाहून गेलेला असतो, गाय रस्त्यावर आलेली असते किंवा घरात कोणीतरी पडलेलं असतं. अख्खा हात दिसला की थांबायचं. ओकोमीत जन्मलेल्या माणसाचा पाय अशा वेळी ब्रेकवर आपला आपण जातो, डोक्याची परवानगी घेत नाही.

नियमाचा आणखी एक भाग आहे. एक चालता आणि एक बसलेला असेल, तर आधी चालत्यानं बोट उचलायचं. बसलेला माणूस आपल्या घरी असतो, त्यानं उत्तरादाखल हनुवटी उचलायची. निवृत्त होऊन व्हरांड्यातल्या झुलत्या खुर्चीत बसल्यापासून हॉलिस हा बसलेला माणूस होता. त्याच्या घरावरून जाणारा रस्ता अर्ध्या मैलावर डेल्मरच्या दारात जातो आणि तिथून तळ्यात. त्यामुळे रोज जाणारा-येणारा माणूस एकच. तो जुना मोरपंखी पिकअप सकाळी जायचा, दुपारी यायचा, आणि स्टिअरिंगवरचं बोट जागचं हलायचं नाही. हॉलिसनं चष्मा लावून खात्री करून घेतली होती.

भांडण असं झालंच नव्हतं. दोघे शाळेपासूनचे मित्र, चाळीस वर्षं एकाच होडीतून मासे धरलेले. नऊ वर्षांपूर्वी हॉलिसची बायको व्हर्ना गेली. तिला पुरल्यानंतर चौथ्या दिवशी हॉलिस टपाल घेऊन निघाला, कारण घरात बसवेना. त्या दिवशी अख्ख्या काउंटीनं त्याला बोट उचललं. ज्याच्या कुत्र्यानं त्याची पोटरी फोडली होती त्यानंही उचललं. घराजवळच्या वळणावर समोरून डेल्मर आला. हॉलिसनं बोट उचललं. डेल्मर नाकासमोर बघत निघून गेला.

दुसऱ्या दिवशी हॉलिसनं उचललं नाही. तिसऱ्या दिवशी दोघांनीही नाही. पुढे निवृत्त होईपर्यंत तीन वर्षं हॉलिसनं डेल्मरची पत्रं त्याच्या पेटीत वेळेवर, सुकी आणि सरळ टाकली. मैत्री तुटली म्हणून टपाल तुटत नाही.

आता त्याला आयुष्याकडून फारसं काही नको होतं. दात स्वतःचे होते, तळ्यात मासे होते. फक्त ते एक इंच हवं होतं, आणि तेही डेल्मरकडून आधी.

"तूच का नाही उचलत?" रोनेल पिटार्ड त्याला विचारायची. चौरस्त्यावर तिचं दुकान होतं. एका फ्रिजमध्ये दूध, दुसऱ्यात गळाला लावायचे किडे, आणि दारात उकडलेल्या शेंगांचं पातेलं. "बोटच उचलायचंय, पियानो नाही."

"मी बसलेला माणूस आहे."

"सहा वर्षं बसलायस. उबवतोयस काय?"

हॉलिस शेंगा घेऊन घरी यायचा.

घरात त्याला टोचणारी दुसरी एकच गोष्ट होती, ती फ्रिजवर उभी होती. माणूस गेलं की ओकोमीत शोक करायला येणारे हातात जेवण घेऊन येतात, आणि भांड्याच्या बुडाला चिकटपट्टीवर नाव लिहिलेलं असतं, म्हणजे रडून झाल्यावर भांडं परत मिळतं. व्हर्नाच्या वेळी सत्तावीस भांडी आली. सव्वीस हॉलिसनं आठवड्याभरात घरपोच केली. ते काम त्याला बरं वाटलं. ते टपालच होतं. सत्ताविसावी एक प्लेट होती, निळा कोंबडा रंगवलेली. कोणीतरी तिच्यावर तीन थरांचा कॅरामल केक ठेवून, ती व्हरांड्यात ठेवून, दार न वाजवता गेलं होतं. बुडाला नाव नव्हतं.

केक हॉलिसनं चार दिवसांत एकट्यानं संपवला. त्या आठवड्यात तोंडात घातलेल्या वस्तूंपैकी चव फक्त त्या केकला होती. मग दोन वर्षं आपल्या बाप्टिस्ट पंथाच्या चर्चच्या प्रत्येक जेवणावळीला तो प्लेट काखेत मारून गेला. अकरा बायकांनी केक आपण केल्याचं कबूल केलं. प्लेट एकीलाही ओळखता आली नाही. तेव्हापासून ती फ्रिजवर होती, न पोचलेलं एकुलतं एक टपाल.

तर अशा सगळ्या परिस्थितीत, मार्चच्या पहिल्या आठवड्यात, रोनेलनं दुकानात जाहीर केलं की जुलै येतोय.

ब्रॅक्स्टन पेल नावाच्या गायकाचं 'अख्खा जुलै' हे गाणं मे महिन्यात बाहेर पडणार होतं, आणि उन्हाळाभर देशातल्या प्रत्येक पेट्रोलपंपावर ते वाजावं अशी त्याच्या कंपनीची इच्छा होती. त्यासाठी व्हिडिओत तळं, जुना पिकअप, मुलगी आणि खरा वाटणारा एक व्हरांडा हवा होता. मे महिन्यात दाखवायचा जुलै मार्चमध्येच करावा लागतो. हॉलिसला याचं नवल वाटलं नाही. नाताळची कार्डं ऑक्टोबरपासूनच थैलीत जड व्हायला लागायची.

दिग्दर्शिका अ‍ॅव्हरी नावाची तिशीतली बाई होती. डोक्यावर नारिंगी लोकरीची टोपी, तोंडात सतत लवंगेची गोळी. तिनं व्हरांडा पाहिला आणि हात जोडल्यासारखे छातीशी धरले.

"मिस्टर हॉलिस, हा किती खरा वाटतो."

"खराच आहे, मॅडम."

मग तिच्या माणसांनी दोन दिवस लावून तो आणखी खरा केला. पिवळ्या गवतावर हिरवा रंग फवारला. हॉलिसची झुलती खुर्ची आत नेऊन ठेवली आणि तिच्यापेक्षा जुनी दिसणारी नवी खुर्ची आणली. अंगणातलं पीचचं झाड गुलाबी फुलांनी भरलं होतं. त्याला प्लास्टिकची पिकलेली पीच तारेनं बांधली. फूल आणि पिकलेलं फळ एकाच फांदीवर बघून हॉलिसला देवाची थोडी काळजी वाटली.

गाण्याचा कागदही त्याला मिळाला. गाणं चौघांनी मिळून लिहिलं होतं. मुलगी पिकअपच्या मागच्या उघड्या फाळक्यावर बसते, अनवाणी, अख्खा जुलै, भर दुपारी. आणि दुसऱ्या कडव्यात रस्त्याकडेचा एक म्हातारा हात हलवतो.

"हे लिहिणाऱ्या चौघांपैकी," हॉलिसनं विचारलं, "जुलैत भर दुपारी उघड्या पत्र्यावर कोणी बसलं होतं का?"

"का?"

"पुन्हा बसलं नसतं."

अ‍ॅव्हरीनं हे वहीत लिहून घेतलं. खेड्यातल्या माणसांनी सांगितलेलं ती सगळं लिहून घ्यायची, आणि वही गाडीत विसरायची.

म्हातारा व्हायला हॉलिस आधी तयार नव्हता. पण मग त्याला कळलं की पिकअप डेल्मरचा आहे. त्या पिकअपचा गिअर तिसऱ्यात टाकताना खालून गुडघ्यानं ठोसा द्यावा लागतो, आणि हे फक्त डेल्मरच्या गुडघ्याला जमतं. म्हणून चालवणारही डेल्मरच. कॅमेरा त्याच्या खांद्यामागून. पडद्यावर फक्त स्टिअरिंगवरचा हात दिसणार, तो गायकाचा समजायचा, म्हणून डेल्मरच्या मनगटावर चामड्याचा पट्टा आणि पाण्यानं चिकटवलेलं पाकोळीचं गोंदण. गायक स्वतः मागे फाळक्यावर मुलीशेजारी. गायक मागे असताना त्याचा हात पुढे कसा, असं रोनेलनं विचारलं. ते एडिटिंगमध्ये होतं, असं उत्तर तिला मिळालं.

हॉलिसनं मनात हिशेब मांडला. चालता माणूस डेल्मर. बसलेला मी. समोर कॅमेरा, आणि गाण्यात रामराम छापलेला. आता कुठे जाईल?

"मी बसतो," त्यानं अ‍ॅव्हरीला सांगितलं.

चित्रीकरणाच्या दिवशी असली थंडी होती की तळ्यावरची बदकं काठावर येऊन बसली होती. हॉलिसला अर्ध्या बाह्यांचा शर्ट आणि गवती टोपी घातली. घामासाठी कपाळावर ग्लिसरिनचे थेंब दिले. तोंडातून वाफ दिसू नये म्हणून प्रत्येक शॉटआधी सगळ्यांनी बर्फाचा खडा चघळून थुंकायचा होता. फाळक्यावरची मुलगी, तोकडी चड्डी, अनवाणी, बर्फ चघळत उन्हाळ्याचा आनंद व्यक्त करत होती. तिच्या गुडघ्यांचा रंग गाडीच्या रंगाला जुळत चालला होता.

"मिस्टर हॉलिस," अ‍ॅव्हरी म्हणाली, "गाडी तुमच्या टपालपेटीपाशी आली की हात उंच करून हलवायचा. जोरात. जुलै आहे."

"मॅडम, तसा हात हलवला तर गाडी थांबेल."

"का?"

"थांबतात."

"नाही थांबणार. मी डेल्मरना सांगितलंय."

वळणावरून पिकअप आला. हॉलिसनं बर्फ थुंकला आणि हात हलवला. पिकअप पेटीसमोर असा गच्चकन थांबला की गायक गिटारसकट मुलीच्या मांडीवर गेला. गाण्यात ते होतं, पण चौथ्या कडव्यात.

अ‍ॅव्हरीनं वॉकीटॉकी उचलला. "डेल्मर, काय झालं?"

"काही नाही, मॅडम. हात होता."

"हात असणारच. त्याच्यासाठीच आपण इथे आलोय."

"हो, मॅडम."

दुसऱ्या वेळी पिकअप पुन्हा तिथेच थांबला.

"आता काय?"

"पाय, मॅडम."

"पायाला काय झालं?"

"तो थांबतो. मी नाही थांबत."

तिसऱ्या वेळी डेल्मरनं ऐन वेळेला डोळे मिटले. गाडी थांबली नाही, पण टपालपेटी खांबासकट आडवी झाली.

चौतीस वर्षांची नोकरी हॉलिसच्या अंगात उभी राहिली. तो खुर्चीतून उठला. "त्यांना सांगा," तो अ‍ॅव्हरीला म्हणाला, "टपालपेटी पाडणं हा गुन्हा आहे."

वॉकीटॉकी खरखरला. "त्यांना सांगा, पेटी रस्त्यात होती."

"त्यांना सांगा, ब्याऐंशी सालापासून ती तिथेच आहे."

"त्यांना सांगा, ब्याऐंशी सालापासून ती वाकडी आहे. खड्डा मीच खणला होता, मला माहीत आहे."

दोघांमध्ये अंतर दहा पावलांचं होतं. अ‍ॅव्हरीनं एकदा व्हरांड्याकडे, एकदा गाडीकडे पाहिलं. "तुम्हाला एकमेकांचं बोलणं ऐकू येतंय ना?"

"येतंय," दोघांनी तिला सांगितलं.

पेटी पुन्हा उभी करून चौथा टेक घेतला. तोही ब्रेकवर संपला. ऊन कलायला लागलं होतं. अजून अर्धा तास, की जुलै मावळणार. अ‍ॅव्हरी व्हरांड्याच्या पायरीवर बसली आणि तिनं टोपी काढली.

"तुम्ही इथे खरोखर काय करता? रस्त्यानं कोणी गेलं तर?"

"तो बोट उचलतो."

तिच्या चेहऱ्यावरून हॉलिसला कळलं की ती भलत्याच बोटाचा विचार करतेय. "ते नव्हे. त्याच्या शेजारचं." आणि त्यानं खुर्चीच्या हातावर करून दाखवलं. इंचभर वर, परत खाली.

ती बघत राहिली. "एवढंच?"

"एवढंच. मग मी हनुवटी."

"पण हे तर सुंदर आहे."

"सुंदर नाही, मॅडम. सोयीचं आहे. हात सोडावा लागत नाही."

अ‍ॅव्हरीनं कॅमेरेवाल्याला गाडीत पळवलं. हाताचा क्लोजअप, काचेपलीकडे व्हरांडा, बोट वर, बस. मग वॉकीटॉकी तोंडाशी धरून तिनं डेल्मरला समजावलं. हॉलिस खुर्चीत ताठ बसला. कपाळावरच्या ग्लिसरिनखाली आता खरा घाम आला.

वॉकीटॉकी खरखरला.

"मॅडम," डेल्मर म्हणाला, "गाडी तळ्यात घालायला सांगा, घालतो. बोट नाही."

"का नाही?"

"ते आमच्या दोघांतलं आहे."

"डेल्मर, माझ्याकडे वीस मिनिटांचं ऊन आहे."

पुन्हा खरखर. "त्यांच्याकडे माझ्या आईची प्लेट आहे. नऊ वर्षं झाली. मयताच्या घरी गेलेलं भांडं मागायचं नसतं, म्हणून मी मागितली नाही. पण द्यायचं असतं, हे माणसाला कळायला पाहिजे. तेवढं सांगा त्यांना."

अ‍ॅव्हरी वळली. "ते म्हणतायत..."

"कसली प्लेट?" हॉलिसनं विचारलं. वॉकीटॉकीला, थेट.

"निळा कोंबडा आहे तिच्यावर."

हॉलिस उठला आणि घरात गेला. जाळीचं दार त्याच्यामागे आपटलं. गेला म्हातारा, असं अ‍ॅव्हरीनं डोळे मिटून म्हटलं. आतून स्टूल ओढल्याचा आवाज आला. मग तो अर्ध्या बाह्यांच्या शर्टात, प्लेट दोन्ही हातांत धरून, हिरव्या रंगावर बुटांचे ठसे उमटवत रस्त्यापर्यंत गेला आणि पिकअपच्या खिडकीशी उभा राहिला.

"ही?"

डेल्मर समोरच बघत होता. "ही."

"केक तू केला होतास?"

"हळू बोल." मागे गायक आणि मुलगी एकाच गोधडीत गुरफटून कान देऊन बसले होते. लग्न न केलेला, लाकडाच्या वखारीत जन्म काढलेला डेल्मर गँट साखर जाळून तीन थरांचा केक करतो, ही बातमी काउंटीला नव्हती, आणि व्हावी अशी त्याची इच्छा दिसत नव्हती.

"दोन वर्षं," हॉलिस म्हणाला, "दोन वर्षं मी ही काखेत घेऊन चर्चमध्ये फिरलोय. प्रत्येक बाईला विचारलंय."

"कुठल्या चर्चमध्ये?"

"आपल्या. बाप्टिस्ट."

"मी मेथडिस्ट आहे."

"मला माहीत आहे तू मेथडिस्ट आहेस."

"मग तिथे विचारायचंस."

हॉलिसनं प्रामाणिकपणे विचार केला. "मेथडिस्टांना इतका चांगला केक येत असेल असं वाटलं नाही."

डेल्मरच्या गालाची एक शीर हलली. "आईची प्लेट सगळ्यांना माहीत आहे. तू आमच्याकडे शंभरदा जेवलायस."

"मासे. कागदावर." आणि थोड्या वेळानं, "नाव का नाही लावलंस बुडाला?"

"नाव लावलं असतं तर मी केला हे कळलं असतं."

कॅमेरेवाल्यानं घड्याळाकडे पाहिलं. अ‍ॅव्हरीनं त्याला लांबूनच हातानं गप्प बसवलं.

"बरं, प्लेटचं झालं," हॉलिस म्हणाला. "त्या दिवशी वळणावर बोट का नाही उचललंस? मी आधी उचललं होतं."

"केक मांडीवर होता. तुझ्याकडेच आणत होतो."

"मांडीवर केक असला तरी बोट उचलता येतं. रिवाज त्यासाठीच आहे."

डेल्मरनं स्टिअरिंग दोन्ही हातांनी धरलं. पाकोळी मनगटावर ताणली गेली. "व्हर्नाला पुरून चारच दिवस झाले होते. तू टपालाच्या गाडीत बसून येत होतास, नेहमीसारखा. तुझ्याकडे बघितलं असतं तर..."

"तर काय?"

"तर केक खाली पडला असता."

हॉलिसनं प्लेटची कड अंगठ्यानं पुसली. चौतीस वर्षांत वाईट बातमीची पत्रं त्यानंही वाटली होती. अशा वेळी पत्र पेटीत टाकून, दाराकडे न बघता, गाडी पुढे काढायची, हे त्याला कोणी शिकवलं नव्हतं; पण तोही तसंच करत आला होता. त्यानं प्लेट खिडकीतून आत दिली.

डेल्मरनं ती घेतली, वर-खाली करून पाहिली. "रिकामी परत करतोस?"

ही चूक मात्र उघड होती. परत जाणारं भांडं रिकामं जात नाही, हे बाप्टिस्ट आणि मेथडिस्ट दोघांनाही मान्य आहे. हॉलिसनं आजूबाजूला पाहिलं. मग तो पीचच्या झाडाशी गेला, तारा पिळून पाच पिकलेली पीच तोडली आणि आणून प्लेटमध्ये ठेवली.

डेल्मरनं एक दाबून बघितलं. "कडक आहेत."

"अजून मार्च आहे," हॉलिस म्हणाला आणि व्हरांड्याकडे परत गेला.

ऊन उरलं होतं एका टेकपुरतं. मुलीनं बर्फ चघळला, गोधडी फेकली, हसली. पिकअप वळणावरून आला. प्लेट डेल्मरच्या मांडीवर होती, कारण ठेवायला दुसरी जागा नव्हती. पेटीजवळ आल्यावर अंगठ्याशेजारचं बोट स्टिअरिंगवरून वर आलं. इंचभरच, पण खाली जायला त्याला नेहमीपेक्षा जरा जास्त वेळ लागला. गाडी थांबली नाही. हॉलिसनं हनुवटी उचलली.

गाणं मे महिन्यात आलं आणि जूनपर्यंत त्यातून सुटका उरली नाही. रोनेलनं गल्ल्यावर फोन उभा करून सगळ्यांना व्हिडिओ दाखवला. दुसऱ्या कडव्यात बोट दीड सेकंद दिसतं, शांत, मोठं, नखाशी वखारीतली जुनी जखम असलेलं. मागे काचेपलीकडे एक तपकिरी ठिपका आहे. तो हनुवटी उचलतो, असं हॉलिसचं म्हणणं.

"हा तू?" रोनेल म्हणाली. "मला वाटलं, झाकलेली शेगडी आहे."

व्हिडिओ चार कोटी लोकांनी पाहिला. ते बोट ब्रॅक्स्टन पेलची खास खूण आहे, असं सगळीकडे ठरलं. त्याच्या कार्यक्रमात आता वीस-वीस हजार माणसं एक बोट वर करून उभी राहतात, असं रोनेलनं सांगितलं.

"एकमेकांना?" हॉलिसनं विचारलं.

"नाही. त्याला."

"मग काय उपयोग," हॉलिस म्हणाला.

खरा जुलै आला तेव्हा रस्ता विरघळायला लागला होता. लांबलांबून मोटारी व्हरांडा बघायला यायच्या, तळ्यापर्यंत जाऊन वळायच्या आणि जाता-येता आतले लोक हॉलिसला बोट उचलून दाखवायचे. काही जण दोन्ही हातांची. तो प्रत्येकाला हनुवटी उचलायचा, नियम म्हणजे नियम, आणि संध्याकाळी मान शेकत बसायचा. एका दुपारी डेल्मरनं पिकअप त्याच्या दारात उभा केला, मागचा फाळका खाली पाडला, आणि होडीकडे निघण्याआधी दोघे जण कोण जाणे का, त्याच्यावर बसले. आणि लगेच उठले.

"गाण्यात बसतात," डेल्मर मागे हात लावत म्हणाला.

"गाणं मार्चमधलं आहे."

दुसऱ्या दिवशी सकाळी सातला पिकअप गेला, बोट वर आलं, हनुवटी वर गेली. हॉलिस पेपर आणायला उठला तेव्हा पायरीवर निळ्या कोंबड्याची प्लेट होती आणि तिच्यावर तीन थरांचा केक. ती कधी ठेवली गेली हे त्याला कळलं नाही. दार कोणी वाजवलं नव्हतं. त्यानं केक डोळ्यांच्या पातळीपर्यंत सावकाश उचलला आणि खालून बुडाकडे पाहिलं. या वेळी तिथे चिकटपट्टी होती, चांगली रुंद, आणि तिच्यावर सुताराच्या जाड पेन्सिलीनं, टपालवाल्याला चष्म्याशिवाय वाचता यावं अशा अक्षरांत लिहिलं होतं: डी. गँट. मेथडिस्ट.